पंचनाम्याला येताना खुरपं घेऊन या

राज्यातल्या सर्व तालुका बियाणे तक्रार निवारण समित्यांचे अध्यक्ष, सदस्य आणि सदस्य सचिव यांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात जिल्हा ग्राहक आयोगात मी एक प्रकरण हरले. सोयाबीन न उगवल्याचं. हरणं वकिलाला नवं नसतं आणि निकालपत्र वाचून मला आयोगाचा रागही आला नाही. सहा पानांच्या त्या निकालात साडेपाच पानं दोन्ही बाजूंचं म्हणणं आहे. उरलेल्या अर्ध्या पानात तुमच्यासारख्याच एका समितीच्या पंचनाम्यातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवलंय आणि त्याखाली ‘सबब’ लिहून तक्रार नामंजूर केलीय. ते वाक्य असं:

‘उगवण कमी होण्यास पेरणीची खोली, जमिनितील ओलावा, तापमान, पेरणीची पद्धत व बियाने यापैकी कोणतेही कारण असू शकते.’

‘जमिनितील’ आणि ‘बियाने’ हे मूळ कागदातलंच आहे, माझ्या पदरचं नाही. मुद्दाम सांगते, कारण माझ्या कपाटात तीन तालुक्यांतले अकरा पंचनामे आहेत आणि अकराच्या अकरांत हेच वाक्य ह्याच दोन चुकांसकट आहे. कुणीतरी कधीतरी टाइप केलेलं वाक्य वर्षानुवर्षं कॉपी-पेस्ट होत गावोगाव फिरतंय. जमीन काळी असो की मुरमाड, पेरा तिफणीचा असो की ट्रॅक्टरचा, पाऊस पेरणीआधी पडलेला असो की नंतर, कारण ठरलेलं: ‘कोणतेही’.

मी आधी शेतकी शिकले, वकिली नंतर. मराठवाड्यातल्या एका कृषी महाविद्यालयातून बी.एस्सी. झाले, मग बीजशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग एका खासगी बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत तीन वर्षं उगवण मोजली. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या, 25 अंश तापमान, एका नमुन्याचे 400 दाणे. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि सामान्य रोपं, असामान्य रोपं, कडक राहिलेले दाणे, मेलेले दाणे वेगवेगळे मोजायचे. सडलेल्या दाण्यांच्या वासाची इतकी सवय झाली होती की गुंडाळी उघडायच्या आधीच लॉट (एका नंबरखाली भरलेला बियाण्याचा साठा) पास की नापास ते कळायचं. पुढे लग्न झालं, गाव बदललं, रात्रीच्या कॉलेजात एलएलबी केली. आता माझ्याकडे येणाऱ्या कामातलं निम्मं बियाण्यांचं असतं, बाकीचं पीकविमा, बांधाचे वाद आणि एखाददुसरा घटस्फोट.

म्हणजे तुमच्यातले बरेचजण माझे वर्गमित्र आहेत, कुणी सिनियर, कुणी ज्युनियर. ज्या समितीच्या कागदावर मी हरले, तिच्यातल्या एका सदस्यासोबत मी बीजपरीक्षणाची प्रात्यक्षिकं केलीत. आम्ही एकाच टेबलावर बसून मेलेला दाणा आणि कडक दाणा चिमट्याने दाबून ओळखायला शिकलो. त्याचं नाव इथे लिहिणार नाही. पण हे पत्र लिहायला मी बसले ती त्याची सही बघून.

प्रकरण थोडक्यात सांगते. शेतकऱ्याची तीन एकर सलग जमीन, एकाच पोताची, भारी काळी. दोन एकरांत दुकानातून आणलेल्या दोन पिशव्या पेरल्या, तिसऱ्या एकरात घरचं बियाणं. पेरणी 27 जूनला, एकाच दिवशी, भाड्याच्या एकाच ट्रॅक्टरने. यंत्राची खोली कुणी मध्येच बदलली नाही. घरचं बियाणं असं उगवलं की तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, बोट घालायला जागा नव्हती. त्याला लागून असलेल्या दोन एकरांत हाताच्या अंतरावर एखादं रोप.

ज्याने कृषीच्या पहिल्या वर्षाला प्रयोगाच्या प्लॉटवर दोरी धरलीय, त्याला हे बघून काय वाटायला हवं? जमीन तीच, ओल तीच, यंत्र तेच, दिवस तोच, फक्त बियाणं वेगळं. असा प्रयोग आपण विद्यापीठात पैसे खर्चून मांडतो. ह्या शेतकऱ्याने तो नकळत मांडून ठेवला होता आणि समिती त्याच्या बांधावर उभी होती. पंचनाम्यात मात्र ‘बाधित क्षेत्र 0.80 हे.’ एवढंच आहे. तिसऱ्या एकराचा उल्लेख नाही. शेतकऱ्याने तोंडी सांगितलं होतं. ‘तो तुमच्या तक्रारीतला प्लॉट नाही ना,’ असं उत्तर मिळालं.

आणि समिती आली कधी? तक्रार नवव्या दिवशी, 6 जुलैला दिली, तिची पोच आहे. पाहणी 2 ऑगस्टला झाली. पेरणीपासून 36 वा दिवस.

आता तुम्हीच सांगा, त्या शेतकऱ्याने मधले 27 दिवस काय करायचं? जुलैचा दुसरा आठवडा उलटला की सोयाबीनचा पेरा लांबतो, उतारा घटतो, हे तुम्हीच सभांमधून सांगता. रान मोडून दुबार पेरलं तर पुरावा गेला. पुरावा राखला तर हंगाम गेला. त्याने 12 जुलैपर्यंत वाट बघितली आणि शेवटी बांधालगतची दहा तासं तशीच सोडून बाकीचं रान मोडलं. दहा तासं सोडायची अक्कल त्याला कुणी दिली नव्हती, त्याची त्याला सुचली. समितीने ती दहा तासं बांधावरून पाहिली, मोबाइलवर दोन फोटो काढले आणि ‘उगवण 30 ते 35 टक्के’ लिहिलं. कशावरून? तासाचा किती मीटर मोजला, त्यात किती दाणे पडलेले धरले, काही नाही. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सह्या झाल्या. शास्त्रज्ञ सदस्य आलेच नव्हते, त्यांची सही चार दिवसांनी कार्यालयात झाली.

ह्यातलं मोजमापाचं जरा सविस्तर बोलते, कारण सगळं प्रकरण तिथेच अडतं.

हेक्टरी 75 किलो बियाणं आणि दोन तासांत 45 सेंटीमीटर, ही आपलीच शिफारस. शंभर दाण्यांचं वजन साडेबारा ग्रॅम धरलं तर हेक्टरी सहा लाख दाणे होतात आणि तासाची एकूण लांबी सव्वाबावीस हजार मीटरच्या आसपास भरते. म्हणजे तासाच्या एका मीटरमध्ये साधारण 27 दाणे पडलेले असतात. सोयाबीनला उगवणीचं किमान प्रमाण 70 टक्के आहे. सगळं नीट जुळलं तर मीटरमध्ये एकोणीस रोपं दिसावीत, शेतात एक-दोन कमी. दिसली सहा, तर उरलेले एकवीस दाणे गेले कुठे? ते पक्ष्यांनी नेले नसतील तर तिथेच मातीत आहेत. खुरपं घालून काढा. पहिल्या दहा-बारा दिवसांत ते सापडतात आणि एकेक दाणा सांगतो त्याचं काय झालं.

दाणा कोरडा, टणक, पेरला तसाच निघाला तर ओल कमी पडली, बियाण्याला बोल लावू नका. मोड आला, मूळ बोटाच्या पेराएवढं झालं आणि मग सुकलं, तर पेरणीनंतर पावसाने खंड दिला. रोपाची मान वाकडी होऊन जाड झालीय, दलं (दाण्याच्या दोन डाळी) वर यायला धडपडतायत आणि वर जमीन आवळून पापुद्रा धरलाय, तर पेरणीवर मोठा पाऊस पडला किंवा दाणा खोल गेला. पट्टी लावा, तीन-चार सेंटीमीटरच्या जागी सात भरले तर शेतकऱ्याला तोंडावर सांगा की बाबा, तुझं यंत्र चुकलं. दलं वर आली पण मधला कोंबच नाही, रोप टकलं, तर मळणीत बियाणं मार खाऊन आलंय. आणि दाणा पाणी पिऊन फुगला, मोड न येताच मऊ झाला, चिमटीत दाबला की पिठासारखा फुटला आणि वास मारतोय, तर तो दाणा पेरायच्या आधीच मेलेला होता किंवा जोम संपून मरायला टेकला होता. हाही वास तोच असतो, गुंडाळीतला.

पाणी साचूनही दाणा सडतो, मान्य. पण मग तो सखल भागात सडतो, वरच्या अंगाला नाही. पेरणी यंत्राची एखादी नळी तुंबली असेल तर प्रत्येक फेरीत तेच तास मोकळं दिसतं. बियाण्याचा दोष शेतभर सारखा पसरलेला असतो. हे काही मी शोधून काढलेलं नाही, आपण सगळे हेच शिकलो.

माझ्या अशिलाच्या पुतण्याने दहाव्या दिवशी एक फोटो काढला होता. तळहातावर अकरा दाणे. नऊ फुगून तपकिरी, चिकट, एकालाही मोड नाही. मी तो आयोगापुढे ठेवला. समोरच्या वकिलांनी विचारलं, हा फोटो ह्याच शेतातला कशावरून? त्यांचं काम त्यांनी केलं. हाच फोटो समितीने काढला असता आणि खाली गट नंबर, तारीख, सह्या असत्या, तर त्यांना तो प्रश्न विचारताच आला नसता.

तर माझी पहिली तक्रार हीच, की तुम्ही कारण शोधायला येता आणि कारणांची यादी देऊन जाता. कायद्याच्या दृष्टीने ह्या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ‘यापैकी कोणतेही कारण असू शकते’ हे वाक्य तुम्हाला तटस्थ वाटत असेल. ते तटस्थ नाही. तक्रार सिद्ध करायचं ओझं शेतकऱ्यावर आहे, म्हणून तुमचं प्रत्येक ‘असू शकते’ समोरच्या बाजूला जमा होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली हरियाणातल्या गव्हाच्या बियाण्याचं प्रकरण शेतकऱ्यांच्या विरुद्ध ठरवलं, तेव्हा कृषी अधिकाऱ्यांच्या अहवालात बियाणं निकृष्ट असल्याचा निष्कर्ष नसणं हाच कळीचा मुद्दा होता. तो निकाल आज प्रत्येक कंपनीच्या कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, असतो. त्यांच्या वकिलांना तो पाठ आहे. तुम्हाला तो ठाऊक असावा अशी माझी अपेक्षा नाही, पण तुमच्या एका ओळीवर काय काय टांगलेलं असतं, ते मात्र ठाऊक असायला हवं.

उलट बाजूचा निकालही सांगते. राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये स्पष्ट केलं की शेतकरी हा ग्राहक आहे, आणि त्याने सगळं बियाणं पेरून टाकलेलं असताना ‘प्रयोगशाळेत नमुना का पाठवला नाहीस’ म्हणून त्याला दाराबाहेर काढता येणार नाही. पिशवीतले चार मुठी दाणे परीक्षणासाठी राखून ठेवणारा शेतकरी कुठे असतो? दाणे प्रयोगशाळेत नाहीत म्हटल्यावर उरलं काय, तर शेतात दिसलेलं. आणि शेतात दिसलेलं लिहिणारे तुम्ही. म्हणजे 2012 नंतर तुमचा कागद आणखी जड झाला आणि तो लिहिण्याची पद्धत होती तिथेच राहिली.

दुसरी गोष्ट नमुन्याची. 1968 च्या बियाणे नियमांत 23-अ हा नियम आहे. बियाणं सदोष असल्याने पीक बुडालं अशी लेखी तक्रार शेतकऱ्याने केली, की बियाणे निरीक्षकाने त्याच्याकडची पिशवी, लेबल आणि शक्य असेल तेवढं उरलेलं बियाणं ताब्यात घ्यायचं, त्या लॉटचा नमुना राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवायचा आणि कारण तपासायचं. ‘घ्यायचं’, ‘पाठवायचा’ असं आहे तिथे, ‘वाटल्यास’ नाही. त्याच नियमांत विक्रेत्यासाठीही तरतूद आहे: प्रत्येक लॉटची नोंद तीन वर्षं जपायची, आणि लॉट पूर्ण विकला गेल्यावरही त्याचा नमुना एक वर्ष टाकून द्यायचा नाही. म्हणजे शेतकऱ्याच्या घरी दाणा नसला तरी कपाटात कुठेतरी तो लॉट झोपलेला असतो. तो मागवायला एक पत्र लागतं. माझ्या अकरा प्रकरणांपैकी एकातही ते पत्र गेलेलं नाही. नमुना काढलाच तर दुकानात त्या वेळी जो लॉट शिल्लक असेल त्याचा, आणि तो बहुतेकदा दुसराच निघतो. पुणे, परभणी, नागपूरच्या प्रयोगशाळांत माणसं मान मोडून काम करतात, पण त्यांना चुकीचा लॉट पाठवल्यावर त्यांनी तरी काय करावं?

आणि नमुना पास झाला म्हणून लगेच शेतकऱ्याला खोटं ठरवू नका, हेही एक बीजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांगते. मार्चमध्ये 78 टक्क्यांनी पास झालेला लॉट एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गोदामात भाजतो, हमालाच्या खांद्यावरून तीनदा आपटतो. सोयाबीनची साल कागदासारखी. टक्का कागदावर 78 च राहतो, दाण्यातला जोम कधीच गेलेला असतो.

तिसरी तक्रार तुम्हाला उलटी वाटेल. पाहणीची लेखी नोटीस कंपनीला आणि दुकानदाराला द्या. बऱ्याचदा फोनवर ‘या’ म्हटलेलं असतं, कधी तेवढंही नाही. तुम्हाला वाटतं शेतकऱ्याचं काम पटकन झालं. प्रत्यक्षात आयोगात कंपनी म्हणते, पंचनामा आमच्या माघारी केला, एकतर्फी आहे, आणि चांगला लिहिलेला पंचनामासुद्धा तिथेच पडतो. माझी दोन प्रकरणं अशी गेलीत. नोटीस पोचूनही कंपनीचा माणूस आला नाही तर तसं लिहा, मग बघा मजा.

पंचनाम्याची प्रत शेतकऱ्याला जागच्या जागी देत नाही, ही चौथी. प्रत मिळवायला माझ्या अशिलाने पंचायत समितीला सात खेपा घातल्या आणि शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. स्वतःच्या शेताच्या पंचनाम्यासाठी.

पाचवी जरा नाजूक आहे. तक्रार दिल्यावर चार दिवसांत कंपनीचा प्रतिनिधी शेतकऱ्याच्या घरी पोचतो, बदली पिशवी देतो आणि ‘माझी काही तक्रार राहिली नाही’ ह्या कागदावर सही घेतो. त्याला तक्रारदाराचं नाव-गाव कुठून कळतं, ह्याचा विचार ज्याचा त्याने करावा.

आता तुमची बाजू. ती मला माहीत नाही असं नाही.

तालुक्याला माणसं मोजकी, त्यात अतिवृष्टीचे पंचनामे, विम्याच्या पाहण्या, योजनांचे ऑनलाइन अर्ज, आणि जुलैच्या एकाच आठवड्यात पन्नास तक्रारी. गाडी नाही, डिझेल नाही. शिवाय सही केली की उद्या नोटीस येईल, आयोगात शपथपत्र द्यावं लागेल, ही भीती. 2020 च्या खरिपात काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. आदल्या ऑक्टोबरमध्ये ऐन काढणीत पावसाने झोडपलेलं सोयाबीन बियाणं म्हणून बाजारात आलं आणि मराठवाडा-विदर्भात रानंच्या रानं उघडी पडली. औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, गुन्हे नोंदवायला सांगितलं. त्या महिन्यात तुमच्यातल्या कुणाला जेवायलाही सवड नव्हती.

हेही कबूल करते की येणारी प्रत्येक तक्रार खरी नसते. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना मी परत पाठवते. 50 मिलिमीटर पावसावर घाई करून पेरलेलं असतं, पावती कच्च्या कागदावर असते, पिशवीचा टॅग चुलीत गेलेला असतो. कुणी घरचं बियाणं पेरून पिशवीवर आळ घेतो. त्यांना मी नाही म्हणते आणि बाहेर जाऊन ते ‘मॅडम कंपनीला मिळाल्या’ म्हणतात. म्हणूनच मला नीट लिहिलेला पंचनामा हवाय. ज्याची चूक यंत्राची होती त्याला दहाव्या दिवशी तसं लेखी कळलं, तर तो दोन वर्षं आयोगाच्या पायऱ्या झिजवणार नाही आणि माझी फीही वाचेल.

कायद्याचंही बोललं पाहिजे, नाहीतर सगळं खापर तुमच्यावर फोडल्यासारखं होईल. 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 500 रुपयांपर्यंत. ह्या रकमेत आज पाव पिशवीसुद्धा येत नाही. शिवाय तो दंड सरकारजमा, शेतकऱ्याला त्या कायद्यात भरपाई नाहीच. कापसाला आपल्या राज्याने 2009 साली वेगळा कायदा केला, म्हणून 2017 ला गुलाबी बोंडअळीने बोंडं पोखरली तेव्हा निदान तक्रारीचे ‘जी’ फॉर्म तरी भरता आले. सोयाबीनला तसं काही नाही. 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात एक चांगलं कलम आहे, 39 चं दुसरं पोटकलम: नोंदणीकृत वाण विकताना त्याच्याकडून काय अपेक्षित आहे ते सांगायचं, आणि तसं उतरलं नाही तर शेतकऱ्याने प्राधिकरणाकडे भरपाई मागायची. पण ते नोंदणीकृत वाणापुरतंच. म्हणून सोयाबीनवाला शेवटी ग्राहक आयोगातच येतो. केंद्राने 2004 साली राज्यसभेत बियाणे विधेयक आणलं, ते तसंच विरलं. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी खुला झाला, मीही माझ्या हरकती पाठवल्यात. पण नवा कायदा आला आणि दंड लाखांत गेला तरी पहिल्या दिवशी न्यायाधीश विचारणार तेच: शेतात काय दिसलं? आणि कुणीतरी पुन्हा ‘कोणतेही कारण असू शकते’ वाचून दाखवणार.

त्यामुळे माझ्या मागण्या कायदा बदलायच्या नाहीत. तुमच्या अखत्यारीतल्या आहेत, पैसे लागत नाहीत, आणि येत्या जूनच्या आत होण्यासारख्या आहेत.

उगवणीची तक्रार आली की आठ दिवसांत शेतावर या. पन्नास तक्रारी असतील तर एकाच लॉटच्या तक्रारी एकत्र लावा, एका दिवसात सहा-सात शेतं होतात. येणं जमणारच नसेल तर शेतकऱ्याला त्याच दिवशी लेखी कळवा की किती तासं राखून ठेव आणि बाकीचं रान मोडून पेर. एवढ्या एका ओळीने त्याचा हंगाम वाचेल.

एकरी पाच ठिकाणी तासाचा एकेक मीटर मोजा. रोपं मोजा, मग तो मीटर उकरा. निघालेले दाणे कोरडे किती, मोड येऊन सुकलेले किती, सडलेले किती, खोली किती, ते आकड्यात लिहा. दाण्यांचा फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा. शेजारच्या शेतात तोच लॉट असेल तर तिथेही पाहा, त्याच शेतात दुसरं बियाणं असेल तर त्याची उगवण लिहा. ‘तक्रारीतला प्लॉट नाही’ म्हणू नका.

‘कारण’ ह्या रकान्यात कारण लिहा. ठरवता आलं नाही तर ‘ठरवता आलं नाही’ लिहा आणि का ते लिहा: उशीर झाला, रान मोडलेलं होतं, काय असेल ते. ती छापील ओळ मात्र संगणकातून काढून टाका.

जो शेतावर आला नाही त्याने सही करू नये. हे मी माझ्या वर्गमित्रालाही सांगतेय.

नोटीस सगळ्यांना लेखी, प्रत शेतकऱ्याला बांधावरच, आणि लॉटच्या राखीव नमुन्यासाठी पत्र त्याच दिवशी. कोणत्या लॉटच्या किती तक्रारी आल्या ह्याचा तक्ता दर आठवड्याला कृषी कार्यालयाच्या फलकावर लावा. एका लॉटच्या चाळीस तक्रारी चाळीस गावांतून आल्या तर चाळीस जणांनी यंत्र चुकीचं लावलं असं कुणी म्हणू शकणार नाही. आज हे चाळीस शेतकरी एकमेकांना ओळखतही नाहीत.

ह्या सगळ्याचा एक पानी नमुना मी तयार केलाय, पाठीमागे तासाचा तक्ता आहे. जिल्ह्यातल्या सगळ्या पंचायत समित्यांना तो ह्या पत्रासोबत टपालाने पाठवतेय. कुणाला तो शेतावर वापरून बघायचा असेल तर मला बोलवा, पेरणीनंतरच्या दहा दिवसांत आयोगाची तारीख नसेल त्या दिवशी मी येईन. भत्ता नको, आणि त्या शेतकऱ्याचं वकीलपत्र मी घेणार नाही, हे आधीच लिहून देते.

हरलेल्या प्रकरणाचं अपील राज्य आयोगात दाखल केलंय. त्यात त्या समितीला पक्षकार केलेलं नाही. तिसऱ्या एकराबद्दल एक शपथपत्र मात्र मागितलंय, ज्या सदस्याने बांधावर उभं राहून तो पाहिला त्याच्याकडून. तो कोण, हे त्याला माहीत आहे.

आपली,
एक वकील, बी.एस्सी. (कृषी), एम.एस्सी. (बीजशास्त्र), एलएल.बी.